अक्काच्या हाताला येईल असा गुलाब

माझ्या हातून आजवर दोन गुलाब मेले, आणि दोन्ही मी अत्यंत प्रेमाने मारले. रागाने मारले असते तर एखादा वाचलाही असता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला म्हणून ती माहेरी परत आली आणि आईबापांच्या मागे कशेळ्याकडच्या आमच्या गावात दुसऱ्यांच्या शेतांवर भाताच्या लावणीला जाऊन तिने मला शिकवलं. चिखलात वाकून वाकून तिची कंबर एकदा जी वाकली ती पुन्हा सरळ झाली नाही. मला कर्जतला कचेरीत कारकुनी मिळाली, भिसेगावात दोन खोल्या घेतल्या आणि तिला आणलं, तोवर तिला समोरच्या माणसाची फक्त पावलं दिसत होती. घरात आलेला माणूस ती चपलांवरून ओळखायची. माझे साहेब एकदा चहाला आले, तर ते गेल्यावर म्हणाली, याच्या टाचा बघितल्यास का, याला घरी कोणी विचारीत नसणार. ते खरं होतं, पण मला दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर गंभीर तोंडाने उभं राहायचं होतं.

तिचा एक पितळी गणपती होता. रोज त्याला एक लाल जास्वंद, तीही स्वतःच्या हाताने तोडलेली. दारातली जास्वंद वाढत गेली, अक्का वाकत गेली आणि एक दिवस हात पोचेना. मी तोडून देऊ लागलो तर म्हणाली, "मंग पूजा तुजी झाली, माजी कुठं रं?" आकडीने ओढावं तर फूल खाली पडायचं, आणि पडलेलं फूल देवाला चालत नाही. गणपतीची फळी मी दोनदा खिळे काढून खाली घेतली. झाड खाली कसं घ्यायचं, ते मला येत नव्हतं.

अशात कचेरीच्या कामाने खालापूरला गेलो होतो. तिथे एका मुंबईकराचा बंगला होता आणि त्याच्या पायरीशी गुलाब जमिनीवर अक्षरशः लोळत होता. वीतभर उंची, चटईसारखा पसरलेला, आणि त्यावर कोकमाएवढी लाल फुलं. मी तिथेच उभा राहून अक्काचा हात मनातल्या मनात त्या फुलापर्यंत नेऊन बघितला. पोचत होता. माळ्याला मस्का लावला. त्याने दोन रोपं काढून दिली आणि अर्धा तास लागवड समजावून सांगितली. तो सांगत होता तेव्हा मी घरी गेल्यावर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. कोणाचं नीट ऐकून घ्यायची सवय मला कचेरीतही नव्हती.

घरी येऊन मी रोपं अक्काच्या पायाशी ठेवली आणि छाती काढून सांगितलं की आता तुझा देव गुलाबाशिवाय राहणार नाही. बायको घाटावरची, मातीतलं कळणारी. ती म्हणाली, "अहो, खाटेएवढं अंगण आपलं. सरळ झेंडू लावा. दोन महिन्यांत फूल येईल, अक्कांच्या हातालाही येईल." हे इतकं शहाणपणाचं होतं की मला ते ऐकवेना. आणि माझ्या बढाईचा परिणाम असा झाला की अक्काने गणपतीसमोर बसून शब्द देऊन टाकला: भावाने लावलेल्या झाडाचं फूल मिळेपर्यंत दुसरं फूल वाहणार नाही. तोवर अक्षता. मला वाटलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे.

पहिलं रोप आम्ही दोघांनी मिळून लावलं. दिवस आषाढाचे. मी वाफा खणला, चिखल केला, चहूबाजूंनी बांध घातला, पाणी अडवलं. अक्काने बसल्या बसल्या बांधाला एक फट होती तीही हाताने लिंपून टाकली. "आता थेंब भायेर जायाचा नाय," ती समाधानाने म्हणाली. आम्हा भावंडांच्या हातांना भाताशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. बायकोने दारातून विचारलं की कापणी कधी. श्रावण लागेपर्यंत देठ काळा पडला होता, आणि ओढला तर मुळासकट हातात आला. मुळं कसली, कुजून गोळा झाला होता नुसता.

दुसरं रोप सुदैवाने डब्यातच होतं. ते दिवाळीनंतर विटांच्या तुकड्यांवर उंचवटा करून लावलं. या वेळी बांध नाही, पाणी अडवणं नाही. आता चुकायला जागाच उरली नाही असं मी बायकोला म्हणालो.

रोप जगलं. वरच्या अंगाला एक बारीक, तांबूस पानांची काडी होती, ती दोन महिने होती तेवढीच राहिली. पण खालून, मातीलगत, काय एकेक फुटवा निघाला! हिरवागार, सरळ, बोटाएवढा जाड. भाताला फुटवे चांगले धरले की आमच्याकडे माणसाला झोप गोड लागते. अक्काने फुटव्यांवरून हात फिरवला आणि मोजले. सात. "जोर हाय रं याला," म्हणाली. मग आम्ही विचार केला, म्हणजे मी केला आणि तिने मान हलवली, की ही वरची मरतुकडी काडी उगाच रस पीत बसली आहे. मी खुरप्याने ती छाटून टाकली. एका फटक्यात. मला त्या फटक्याचा अभिमान वाटला, हे लिहायलाच हवं.

त्यानंतर झाड असं काही पसरलं की अंगण भरलं, धुण्याचा दगड झाकला, शेजाऱ्यांच्या बाजूला गेलं. मी कचेरीत गुलाबतज्ज्ञ झालो. फांद्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून वाटू लागलो. बडे कारकून, शिपाई, नेरळहून येणारे एक टंकलेखक, सगळ्यांच्या दारी माझा गुलाब. फूल कधी येतं म्हणून कोणी विचारलं की मी होळी सांगायचो, मग पाडवा सांगितला, मग दसरा.

अक्का रोज आंघोळ झाली की तबक घेऊन अंगणात जायची. वाकलेलीच होती, त्यामुळे झाड तिच्या डोळ्यांसमोरच. पान न् पान बाजूला करून बघायची आणि रिकामं तबक घेऊन आत यायची. मग वाटीतले चार दाणे गणपतीवर.  

वर्ष उलटलं, तरी कळी नाही. तेवढ्यात खालापूरचा तो माळी कर्जतला कामाला आला आणि रस्त्यात भेटला. मी त्याला हाताला धरून घरी आणलं, झाड दाखवून शाबासकी घ्यायला. तो उकिडवा बसला. फांद्या बाजूला केल्या, बुंध्याशी बोटाने चाचपलं. तिथे सुकलेला एक खुंटारा होता.

"ही काडी कोनी छाटली?"

मी म्हटलं, मी.

त्याने बोटाची माती झटकली. "मंग भाऊसाहेब, तुमी गुलाब कापला आन खुंट पाळला."

त्याने समजावलं, आणि या वेळी मी ऐकलं. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. खुंटातून फुटवे येतात त्यांना इकडे फूल धरत नाही, ते काढायचे असतात. हे त्याने तेव्हाही सांगितलं होतं. मी दुसरं रोप मागितलं. तो म्हणाला, बंगला विकला गेला, नव्या मालकाने ती जागा फरशी घालून घेतली. आता तोही तिथे नव्हता, नोकरी शोधत फिरत होता. चहा न घेता गेला. अक्का उंबऱ्याशी बसली होती. तिने किती ऐकलं ते मी विचारलं नाही.

याच्या पुढचं लिहायची लाज वाटते, म्हणून पटकन लिहितो. दोन दिवसांनी मी स्टेशनाजवळच्या फुलवाल्याकडून एक लाल बटण गुलाब आणला, सकाळी अक्काची आंघोळ चालू असताना तो झाडाच्या फांदीला हिरव्या दोऱ्याने बांधला, आणि आत येऊन वर्तमानपत्र उघडून बसलो. पेपर उलटा होता असं बायको अजून सांगते.

अक्का तबक घेऊन गेली.  मग आत आली. फूल तबकात नव्हतं, तळहातावर होतं, आणि दोरा अजून देठाला. माझ्या गुडघ्यापाशी उभी राहिली. मान वर करता येत नव्हती, त्यामुळे ती माझ्या पावलांशीच बोलली.

"देवाला फशीवलंस तर तो बघून घेल. मला कशाला फशीवतोस रं?"

फूल तिने माझ्या मांडीवर ठेवलं आणि फळीशी जाऊन बसली.

त्यानंतर अक्का दीड वर्ष होती. मी ते झाड तीनदा मुळापासून खणलं, तीनदा आलं. ज्यांना फांद्या दिल्या होत्या त्यांच्याकडेही ते जोरात होतं. बडे कारकून तर माझे आभार मानत, कुंपण छान झालं म्हणून. आमच्या गणपतीवर मात्र फूल पडलं नाही. बायकोने झेंडू लावला, तो अक्काच्या हातालाही येत होता, ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा. तोडला नाही.

शेवटी शेवटी तिला अंगणात जाणंही होईना. एकदा तिच्याजवळ बसून मी म्हटलं, अक्का, चूक माझी आहे, देव तुला बोल लावणार नाही, वाहा झेंडू. मी तुला हाताला धरून नेतो.

"तू येडा हायस," ती म्हणाली. रागाने नव्हे, लहानपणी म्हणायची तसंच. "देवानं कुठं मागितला गुलाब? मलाच पायजे व्हता, तुज्या हातचा."

मग तिने तांदळाची वाटी जरा जवळ सरकवायला सांगितली. मी सरकवली.