भिंतीपलीकडची सरू

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही. आजही नाही. तरीही हे घडलं, आणि माझ्याच बाबतीत घडलं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, पिंपरीची. कारखाने येऊ लागले होते. आमची जुनी आळी पाडून तिथं कामगारांसाठी चाळी बांधायचं ठरलं. आळीत माझ्या आणि सरूच्या घरात एकच मातीची भिंत. काही हवं असलं की ती भिंतीवर थाप मारायची, मी हातातलं टाकून जायची. आळी पाडली आणि सगळे पांगलो. आम्हाला खोली मिळाली नदीच्या अंगाला, सरूला पार रेल्वेच्या रुळांपलीकडे. पक्क्या भिंती, सिमेंटची जमीन — पण दारं कायम लावलेली. शेजारीण कोण, कुठली, कुणी विचारत नसे.

त्या दुपारी मी तांदूळ निवडत होते. भिंतीवर थाप पडली. माझी खोली चाळीच्या टोकाची, त्या भिंतीपलीकडे नुसतं रान. बाहेर जाऊन पाहिलं, चिटपाखरू नव्हतं. आत आले तर पुन्हा थाप... या वेळी जोरात. भिंतीला हात लावला, तर तळव्याला हादरा जाणवला. सरूचे दिवस भरत आले होते आणि नवरा शिफ्टला गेलेला. मी अनवाणीच पळत सुटले.

तिचं दार आतून बंद. हाका मारल्या, ओ नाही. माझा आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला माणूस बाहेर आला. त्यानं खांद्यानं दार तोडलं. सरू भिंतीशी पडलेली, लुगडं रक्तानं भिजलेलं. त्यानंच धावत जाऊन टांगा आणला. दवाखान्यात मुलगी झाली. दोघी वाचल्या... थोडक्यात.

शुद्धीवर आल्यावर सरू म्हणाली, "लई वाट बघाया लावलीस गं. किती थापा मारल्या."

"कुठं मारल्यास?"

"भिंतीवर. तोंडातनं आवाज फुटंना. तू पलीकडं न्हाईस, हे ध्यानातच आलं न्हाई."

नंतर मी त्या शेजाऱ्याचे आभार मानायला गेले. त्याची खोली सरूच्या त्याच भिंतीला लागून. रात्रपाळी करून आलेला, त्या दुपारी तो भिंतीला पाठ टेकून जेवत होता. मी थापांचं विचारलं.

तो म्हणाला, "वहिनी, देवाशपथ सांगतो, मला काहीच ऐकू आलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मग मी काय ऐकलं? इतकी वर्षं झाली, मला अजून सांगता येत नाही.