काड्यांविना भरीत आणि एक अर्ज

बाळांनो, तुमच्या चुलत बहिणीचं काय ठरलं, हे तुम्ही दोघांनी फोनवर वेगवेगळं विचारलंत. फोनवर सांगायला गेले की माझा क्रम चुकतो, म्हणून लिहूनच पाठवते.

ती बारावीत आहे. सैन्याच्या प्रबोधिनीत आता मुलींनाही घेतात. पदवी तिथेच घ्यायची आणि पुढे अधिकारी व्हायचं. अर्जाची मुदत संपत आली होती. तिचं गणित पक्कं, पहाटे मैदानावर धावतेही. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. एकदा मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली, "आजी, मला ओरडता येत नाही."

खरं होतं ते. आपल्या घरात मीठ मागायचं तरी गल्लीला ऐकू जातं, त्यात ही एकटीच हळू बोलणारी. तुमचा काका, म्हणजे तिचा बाप, तिला चिडवायचा, "रिक्षा थांबवायला हिला भाऊ लागतो. ही पलटण काय थांबवणार?" ती हसायची, पण अर्ज उघडून तसाच बंद करायची. शेवटी म्हणाली, "रविवारी सांगते, पप्पा."

त्या रविवारी असोद्याच्या शेतात भरिताचा बेत होता. सगळं गणगोत जमलं. साक्रीहून माझी नणंद आली, जिला सगळे अक्का म्हणतात. इतकी वर्षं तिकडे राहून ती आता पक्की अहिराणी बोलते. हिरव्या वांग्यांचा ढीग, मिरच्या, लसूण, कांद्याची पात, ठेचायची लाकडी बडजी, सगळं शेतात पोचलं. मग कोणीतरी विचारलं, "काड्या कुठे आहेत?"

खानदेशात भरिताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच भाजतात. दरवर्षी बांधावर त्यांची गंजी असते, म्हणून कोणी विचारलंच नव्हतं. यंदा तुमच्या काकाने नव्या पद्धतीने ट्रॅक्टर फिरवून सगळ्या काड्या बारीक करून मातीत मिसळल्या होत्या. जमिनीचा कस वाढतो म्हणून महिनाभर सगळ्यांना कौतुकाने सांगितलंही होतं.

मग काय! जो तो हुकूम सोडायला लागला. एक म्हणे केळीची पानं जाळा, दुसरा म्हणे घरून शेगडी आणा. अक्का कडाडली, "गॅसवरनं भरीत? मंग घर काय वाईट शे?" सगळे बोलत होते आणि जागचं कोणीच हलत नव्हतं.

तेव्हा तुमची बहीण उठली. ती एकेकाच्या अगदी जवळ जाऊन उभी राही, काहीतरी सांगे, आणि तो माणूस बोलायचं थांबवून कामाला लागे. बायका मिरच्या-लसूण घेऊन बसल्या. पोरं बांधावरच्या काटक्या वेचायला पांगली. अक्काकडे तिने विस्तव दिला, त्यामुळे अक्काही गप्प झाली. शेवटी ती बापापाशी गेली.

"पप्पा, शेजारच्या आबांकडे तुरीच्या काड्या आहेत. तुम्ही आणा."

"मीच का?"

"आपल्या तुम्हीच मातीत घातल्या ना."

हे ती हळूच बोलली, पण नेमकी तेव्हा शांतता होती. सगळं शेत हसलं. काकाने मुकाट्याने मोटारसायकलला किक मारली आणि भारा बांधून आणला.

भरीत उत्तम झालं असं मी म्हणणार नाही. तुरीचा जाळ भडकून पडला आणि निम्मी वांगी आतून कच्ची राहिली. तिनेच ती वेगळी काढून पुन्हा निखाऱ्यात घातली आणि सगळ्यांच्या शेवटी जेवली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत अक्का मला म्हणाली, "वहिनी, इतला माणसं हालनात, पन पोरना आवाज काई आयकू ऊना नही!" म्हणजे, इतकी माणसं हलली, पण पोरीचा आवाज काही ऐकू आला नाही.

परतताना गाडीत ती म्हणाली, "पप्पा, अर्ज भरू का?"

"काय म्हणालीस? जरा मोठ्याने."

"तुम्ही ऐकलंय," ती म्हणाली.

काका हसला. मग म्हणाला, "ऐकलं बाई. सकाळपासून तुझंच ऐकतोय. भर."

आता ती माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, मला ती जवळ हवी होती. तुम्ही दोघं परदेशी गेल्यापासून दिवाणखान्यात आपल्या घड्याळाशेजारी तुमच्या तिकडच्या वेळेचं घड्याळ लावलंय. तुम्ही जेवलात की झोपलात, ते मी त्यात बघते. पण काड्यांचा भारा घेऊन आलेल्या बापाला "इथे ठेवा" म्हणणारी ती पोर डोळ्यांसमोरून जाईना.

"भर," मी म्हणाले. "तुझ्यासाठी निदान तिसरं घड्याळ लावावं लागणार नाही."

घरी येऊन तिने अर्ज भरला. परीक्षा अजून व्हायची आहे, तेव्हा फोनवर तिला इतक्यात कॅप्टन म्हणू नका. आणि ती बोलेल तेव्हा तुमच्याकडचा टीव्ही बंद ठेवा.