रविवारी या की जेवायला

गाडीला किक मारता मारता मी म्हणालो, "रविवारी या की जेवायला!"

आमच्या कोल्हापुरात हे निरोप घेण्याचं वाक्य आहे. समोरचा "येतो की" म्हणतो आणि दोघंही आपापल्या घरी जेवतात. पण मी ते म्हणालो कुठं, तर ऑटिझम असलेल्या मुलामुलींच्या गटाच्या दारात. माझी लेक दर शनिवारी तिथं जाते. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत कसं थांबायचं, मैत्रीण घरी आली तर दार उघडून काय म्हणायचं, हे तिथं शिकवतात. माझं वाक्य ऐकलं ते हुपरीहून वडिलांबरोबर येणाऱ्या एका मुलीनं. लेक विशीची झाली, आणि ही तिची पहिली मैत्रीण.

रविवारी सकाळी लेकीनं ताटं मांडली. "ती येणार आहे."

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते."

"एक फोन तरी करा," बायको म्हणाली. मी म्हटलं, कशाला उगाच? आणि दोघींना घेऊन जोतिबाला गेलो.

डोंगरावर कपाळभर गुलाल लावून उभा होतो, तेवढ्यात मैत्रिणीच्या वडिलांचा फोन. "पावणं, दारात उभारलोय. कुलूप हाय की!"

"अहो, अचानक निघावं लागलं..."

"अचानक नाही," शेजारून लेक मोठ्यानं म्हणाली. "मी ताटं मांडली होती."

पलीकडं ते ऐकू गेलंच. मग, "असू दे, असू दे. परत कवातरी." तो भला माणूस मलाच सांभाळून घेत होता. बापलेक उपाशीच एस्टीनं परत गेली असणार. घरी आल्यावर लेकीनं ती कोरडी ताटं उचलून ठेवली. मी हात पुढं केला, तर ताट माझ्यापासून लांब धरलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघंही गेलो. मी त्या दोघांची माफी मागितली आणि पुन्हा आमंत्रण दिलं. मैत्रिणीनं माझ्याकडं पाहिलंच नाही. लेकीला विचारलं, "हे खरं आहे, का म्हणायची पद्धत?"

लेकीनं आईकडं बघितलं.

"खरं आहे. ये," बायको म्हणाली.

"मग येते."

गावभर माणसं जोडत फिरणारा मी, आणि माझ्या शब्दाला बायकोचा जामीन लागला.

परतताना बायकोच म्हणाली, "रविवारी घरात थांबा. आणि बेल वाजली की तुम्ही उठू नका. दार लेकीला उघडू दे."