नऊ हजार सहाशे विरुद्ध पाचशे

बमरोलीच्या ज्या एम्ब्रॉयडरी खात्यात, म्हणजे कारखान्यात, मी कामाला लागले, तिथे बारा जुनी मशिनं होती आणि बाराही फ्लॉपीवर चालायची. कॉम्प्युटरवर डिझाइन बनवायचं, फ्लॉपीत भरायचं आणि फ्लॉपी मशिनमध्ये सारायची. नव्या फ्लॉप्या मिळेनाशा झाल्या होत्या. जुन्या फ्लॉप्या धाग्याच्या रुव्याने खराब व्हायच्या आणि डिझाइन अर्धं वाचून मशिन थांबायचं.

डिझाइनचं काम काकांकडे होतं. ते अमळनेरकडचे, पन्नाशी ओलांडलेले, नवागामात राहायचे. आधी मशिनवर कारीगर होते. कॉम्प्युटर बघून बघून शिकले. पाकळीचा टाका कुठून सुरू केला की कापड ओढलं जात नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. डब्यातली अर्धी भाकरी रोज माझ्यापुढे सरकवायचे. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकून आलेली. दोन वर्षं त्यांच्या शेजारी स्टुलावर बसत होते. खोलीत खुर्ची एकच होती.

एकदा शेठ म्हणाले, फ्लॉपीचं काहीतरी करा. मशिनच्या मागे वायर जोडायची जागा असते, तिथून कॉम्प्युटर थेट जोडता येतो. काकांनी मशिनचं पुस्तक काढलं. त्यात वायरीचा वेग लिहिला होता ९६००, फ्लॉपीचा ५००. त्यांनी कागदावर भागाकार केला आणि तो मला दाखवला.

"पोरी, वायर एकोणीसपट जोरात. बरोबर ना?"

चूक मला एका नजरेत दिसली. वायरीचे ते नऊ हजार सहाशे साधे बिट होते. फ्लॉपीच्या पाचशेपुढे बारीक अक्षरात किलोबिट छापलं होतं, म्हणजे पाच लाख. शिवाय वायरीवर एका अक्षराला आठ नाही, दहा बिट खर्ची पडतात. सेकंदाला जेमतेम नऊशे साठ अक्षरं. ती मशिनं त्याहून जास्त घेतच नव्हती.

"बरोबर आहे काका," मी म्हणाले.

चार दिवस ते स्वतः शिडीवर चढून वायर टाकत होते. पत्र्याखालच्या उकाड्यात सदरा पाठीला चिकटलेला. मी खालून खिळे देत होते. वर चढताना म्हणायचे, "तू होतीस म्हणून धीर झाला. माझं इंग्रजी कच्चं."

पाचव्या दिवशी शेठ बघायला आले. मीच सुचवलं, की दोन मशिनं एकदम लावून बघू, एक फ्लॉपीवर, एक वायरीवर. डिझाइनही मीच निवडलं. घागऱ्याचं, तीन लाख टाक्यांचं. त्याहून मोठं आमच्याकडे नव्हतं. कारीगर मशिनं बंद करून भोवती जमले.

फ्लॉपीचं मशिन चाळीस सेकंदांत तयार झालं. वायरीच्या मशिनवरचा आकडा मुंगीसारखा सरकत होता. दोन मिनिटं झाली, पाच झाली. कोणीतरी हसलं. काका वायरीची टोकं दाबून बघत होते.

"आ शुं छे, काका?" शेठ म्हणाले.

"कनेक्शन ढिलं असेल, शेठ."

"कनेक्शन ठीक आहे," मी म्हणाले आणि मोठ्याने हिशोब सांगितला. एका टाक्याला तीन अक्षरं, म्हणजे नऊ लाख अक्षरं, भागिले नऊशे साठ. "साडेपंधरा मिनिटं लागणार. काकांनी बिट आणि किलोबिट एकच धरलं. हे शाळेतल्या पोरालाही येतं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मीच 'बरोबर आहे' म्हणाले होते, हे ते तिथे सांगू शकले असते. त्यांनी वायरीचं टोक हातातून सोडलं. शेठनी त्यांना उरलेली दहा मिनिटं तिथेच उभं ठेवलं, आकडा पूर्ण होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी खुर्ची मला मिळाली आणि काकांना खाली धागे कापायला बसवलं, बायकांच्या रांगेत.

मी शेठना दुसरा उपाय सांगितला होता. फ्लॉपीच्या जागी बसणारा एक डबा येतो, त्यात पेनड्राइव्ह लागतो. पेनड्राइव्हच्या पाकिटावर ४८० मेगाबिट होतं. मी छातीठोक सांगितलं, फ्लॉपीच्या जवळजवळ हजारपट. शेठनी बाराही मशिनांना डबे बसवले.

पहिलं डिझाइन तेच घागऱ्याचं लावलं, तेव्हा काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. हातात कात्री, नजर मनगटावरच्या घड्याळावर. मशिन तयार झाल्यावर ते फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "चाळीस सेकंद. फ्लॉपीलेबी इतलाच टाइम लागे."

ते खरं होतं. मशिनला तो डबा फ्लॉपीच वाटतो, त्यामुळे ते जुन्याच चालीने वाचतं. पेनड्राइव्हचा वेग तिथे काही कामाचा नाही. हे मला माहीत नव्हतं. बाकी कोणी वेळ मोजला नव्हता.

"काका, तुम्ही धागे कापा," मी म्हणाले.

ते परत जाऊन बसले. आठवडाभर आले, मग यायचे बंद झाले. फ्लॉप्या बिघडायचा त्रास गेला म्हणून शेठ खूश होते आणि येईल त्याला माझी हजारपटीची गोष्ट सांगत होते.

पुढे शेजारच्या खात्याच्या मालकाने मला फोन केला. काका त्यांच्याकडे डिझाइनचं काम मागायला गेले होते. "आदमी कैसा है, बेन?"

काका तिथे रुळले असते आणि कधीतरी त्या चाळीस सेकंदांबद्दल बोलले असते, हे माझ्या मनात होतं.

"माणूस चांगला आहे," मी म्हणाले, "पण हिशोब येत नाही."

त्यांनी काकांना घेतलं नाही. काका उधन्याला साड्यांच्या घड्या घालायला लागले, असं एका कारीगराने सांगितलं.

मागच्या वर्षी नवागामच्या भाजीबाजारात काकू भेटल्या. मी तोंड चुकवणार तेवढ्यात त्यांनीच हाक मारली, पिशवी खाली ठेवून माझ्या तोंडावरून हात फिरवला. काकांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांमुळे काम सोडलं, एवढंच त्यांना माहीत होतं.

"पोरी, त्यास्नासाठे कोठे कॉम्प्युटरनं काम व्हई ते सांगजो," त्या म्हणाल्या. "तुन्हं कौतुक करतस ते."

"सांगेन," मी म्हणाले आणि त्यांचा नंबर मोबाइलमध्ये टाकून घेतला. फोन केला नाही.