गासडीमामाचा झोका

गासडीमामा झोक्यावर बसला की आमच्या पटांगणातला लिंब कण्हत कण्हत वाकायचा आणि शेंड्यावरचे कावळे उडून थेट अक्कलकोटला जायचे. खोटे वाटत असेल तर अक्कलकोटच्या कावळ्यांना विचारा. मामाला लांबून पाहिले की टांग्याचा घोडा लंगडायला लागायचा, आणि मामा तळ्यात उतरला की पाणी पायऱ्या चढून वर यायचे. हे मी कमी करूनच सांगतो आहे.

तो गिरणीच्या कापसाच्या गोदामात हमाल होता. गासड्या वाहता वाहता स्वतःच गासडीसारखा चौकोनी झाला. भवानी पेठेतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. बायकोला ठाऊक असणार, पण ती नवऱ्याचे नाव कशाला घेते? मूलबाळ नव्हते. गल्लीतल्या आया दिवसभर माग आणि सुताच्या कांड्यांना जुंपलेल्या, आणि पोरे मागच्या पटांगणात मोकाट. ती सगळी पोरे मामाने भाचे म्हणून पदरात घेतली होती.

पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी तो पटांगणभर रांगायचा. होय, रांगायचाच. काटे, काचा, खिळे वेचत. "पायानं चालून काय कळतंय? माझ्या टाचंत काटाच मोडतो," तो म्हणे. "पोरांचा पाय लोण्यावानी. गुडघ्यालाच खरं कळतं." कोणी विचारले, "मामा, काय हरवलं?" तर म्हणायचा, "अजून काय न्हाय. हरवू नये म्हणून बघतोय की." मामी दारातून टोमणा मारी, "घरात रांगायला कोण न्हाय, म्हणून तुमीच रांगा." मामा हसे, आणि पुढच्या दगडाकडे सरके.

पण त्याचा खरा थाट झोक्याचा. गिरणीतल्या यंत्रावरून उतरवलेला जाड सुती दोर त्याने लिंबाच्या फांदीला बांधला होता. रोज पहिल्यांदा स्वतः बसायचे, दोन हेलकावे घ्यायचे, मगच पोरांना हात लावू द्यायचा. "आदी मामा, मग भाचे," हा त्याचा कायदा. कलेक्टरचा पोरगा आला असता तरी त्याला मामा उतरेपर्यंत थांबावे लागले असते. आमची आई कांड्या भरता भरता मान वर न करता एवढेच विचारी, "मामा बसला का?"

"बसला."

"मग जा."

त्या वर्षी नागपंचमीला गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरी नवी परकर-पोलकी घालून लिंबाखाली जमल्या. मामा सकाळीच बसून उतरला होता. पण सणाचा दिवस. प्रत्येक आईला आपल्या पोरीपुरती वेगळी खात्री हवी. "मामा, आमची सोनी बसतीया, एकदा बसून दावा की." मामा बसला. "मामा, आमची बी." मामा पुन्हा बसला. आमची आईही हातातली कांडी टाकून आली आणि म्हणाली, "गंगूच्या आदी एकदा, मामा." मामा हसत बसला, कावळे अक्कलकोटला गेले, आणि मग माझी धाकटी बहीण गंगू झोक्यावर चढली. तिसऱ्या हेलकाव्याला दोर तुटला.

हाडवैद्याने गंगूचा मोडलेला हात बसवला, पण कोपरात वाकडाच जुळला. मामाने दोराचे तुटके टोक हातात घेऊन पाहिले. दोर खाली नव्हे, वर फांदीशी तुटला होता. घासून घासून पीळ सुटलेला. "पोरीचं वजन ते काय, चिमणीएवढं," तो हळूच म्हणाला. "ह्यो म्याच तोडलाय. दर बसण्याला थोडा थोडा."

त्यानंतर मामा लांबच्या रस्त्याने गिरणीत जाऊ लागला. पटांगणात काटे असे माजले की शेळ्यासुद्धा वळसा घालून जात. आयांनी पोरे घरात ओढून घेतली. गंगू मात्र वाकडा हात घेऊन त्याच्या दारात जाऊन उभी राहायची.

"मामा, झोका बांधा की."

"न्हाय, बाई. माझं वजन वंगाळ हाय."

"मग बसू नका. नुसता बांधा."

"न बसता कसं कळायचं?" मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशी गंगू पुन्हा दारात हजर.

त्याला एकच घोर होता, की या हातापायी पोरीचे लग्न अडणार. मी त्याला सांगायचो, की वाकड्या हातामुळे गंगू इतक्या भरभर कांड्या भरते की चाकातून धूर निघतो आणि शेजारी पाण्याची घागर ठेवावी लागते. मामा माझ्या सगळ्या थापांना हसायचा, या एकीला सोडून.

लग्न अडले नाही. आम्हाला सख्खा मामा नव्हता. नवरीला उचलून बोहल्यावर कोण आणणार, असे आईने विचारले तेव्हा गंगू म्हणाली, "मामा हायेत की." आई स्वतः त्याच्या दारात गेली. मी बरोबर होतो. ती म्हणाली, "मामा, त्या दिवशी आमीच बसवलं तुमाला. सगळ्यांनी मिळून."

"बसलो तर मीच की," मामा म्हणाला.

तरी तो आला, धुतलेले धोतर नेसून. पण जन्मभर गासड्या उचललेल्या त्या माणसाने गंगूला उचलले नाही. तिला चालत आणले. ती पुढे, आणि तो एक पाऊल मागे, दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना पसरून, न टेकवता. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, जेवणाच्या पंक्ती बसायला लागल्या, आणि मामा अजून तिच्या मागे तसाच हात पसरून उभा होता. शेवटी गंगूनेच वळून वाकड्या हाताने ते दोन्ही हात हळूच खाली केले.