पुंजका चार बोटं उजवीकडे

नीलस कोकलीबद्दल मी काही सांगायला लागले की आमच्या नॉकबुईतले लोक आधीच हसू दाबतात. मी त्याच्या बायकोची, हॅनीची सख्खी मावशी. जावयाला चिडवायचा हक्क मला देवानंच दिलाय आणि तीस वर्षांत मी तो एक दिवस वाया घालवलेला नाही.

तर पहिली गोष्ट अशी, की त्याला गोळा फेकता येत नाही. सहा फूट उंच, बैलासारखे खांदे, आयर्लंडात, कॉर्कच्या या टोकाला जन्मलेला, आणि हातात लोखंडी गोळा दिला की तो शेजारच्यांच्या कोबीत. आमचा खेळ तसा सोपा. रस्ता हेच मैदान. पाऊण किलोहून जरा जड गोळा धावत येऊन फेकायचा, जिथे थांबेल तिथून पुन्हा पुढे, आणि दोन-अडीच मैल ज्याच्या कमी फेकींत संपले तो जिंकला. पण आमच्याकडे एकही रस्ता सरळ नाही. माणसंही नाहीत म्हणा. म्हणून प्रत्येक फेकणाऱ्याला एक वाटाड्या लागतो. तो पुढे जाऊन रस्त्याचा उतार बघतो, ओल बघतो, गोळा पहिल्यांदा जिथे टेकायला हवा तिथे गवताचा एक पुंजका ठेवतो, आणि त्याच्या मागे पाय फाकवून उभा राहतो. फेकायचं त्याच्या दोन पायांच्या मधून.

वाटाड्या म्हणून नीलससारखा नीलसच. घरात मुका, चर्चमध्ये मुका, बाजारात गाय विकायची तरी बोटांनी बोलणार. रस्त्यावर आला की मात्र माणूस फुलायचा. "हॅनी, डावीकडून! रस्त्याची पाठ वाकडी आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नको!" शंभर माणसं मागून चालत असायची, त्यांच्याशी वाद घालायचा, झुडपांत शिरून गोळा शोधायचा, अडलेल्या मोटारवाल्याला हवापाण्याचं विचारायचा. लोक तब्येतीसाठी गोळ्या खातात, आम्ही गोळा फेकतो, असं माझी आई म्हणायची. ती ब्याण्णव वर्षं जगली आणि शेवटपर्यंत शिव्या स्पष्ट देत होती.

हॅनी दोन वर्षं त्याच्या पायांमधून गोळा फेकत होती, तेव्हा कुठे त्यानं तिला लग्नाचं विचारलं. मी तिला म्हटलं होतं, "कर गं. एवढं लोखंड अंगावर येताना जो हलत नाही, तो सासूसमोरही टिकेल."

फेब्रुवारीत त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मे महिन्यात इस्पितळातून घरी आणला आणि रस्त्याकडच्या खिडकीत खुर्चीवर बसवला. व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणाली, पायात जोर आहे, वॉकर धरून उभे राहू शकतात, पण ते उठतच नाहीत. नाहीच उठला. हॅनी पहाटे सोळा गायी पिळायची आणि मग ऐंशी किलोचा नवरा एकटीनं उचलायची. जूनपर्यंत तिची पाठ अशी झाली, की तिला वाकून बुटाची नाडी बांधता येईना.

मग सरकारी नर्सबाई आल्या, टँगनीबाई. बाई चांगली, उगाच गोड बोलणारी नव्हे. "हॅनी, गुरुवारी मी परत येते. ते स्वतःहून खुर्चीतून उठले आणि दारापर्यंत चालले, तर इथेच राहतील. नाही तर वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होतेय पुढच्या सोमवारी. चाळीस मैलांवर आहे, माहीत आहे मला. पण तू अशीच उचलत राहिलीस तर दोन खाटा शोधाव्या लागतील."

ती गेल्यावर हॅनी गोठ्यात जाऊन रडली. मी मागून गेले. "मावशी, त्याचा भाऊ तिकडे गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि पाच आठवड्यांत संपला. हाही तसाच जाईल गं. मला ठाऊक आहे."

मलाही ठाऊक होतं. आणि मला जेव्हा काही सुचत नाही तेव्हा वात्रटपणा सुचतो.

त्यांचं घर रस्त्याला लागूनच. दारापासून रस्ता दहा-अकरा पावलं, आणि समोरच ते अवघड डावं वळण. सोमवारी संध्याकाळी मी हॅनीला गोळा घेऊन बाहेर काढलं आणि स्वतः वाटाड्या झाले. गवत उपटलं आणि पुंजका नेऊन ठेवला थेट उजव्या कडेला. लहान पोरसुद्धा सांगेल, तिथे टेकलेला गोळा चरात जाणार.

"मावशी, डोकं फिरलंय का तुझं?"

"गप फेक. खिडकीत बघू नको. आयुष्यात कधी त्याला चुकीच्या जागचा पुंजका बघवलाय? उठेल बघ, माझा गळा धरायला उठेल."

गोळा चरात गेला. काटेरी झुडपांतून काढताना माझे हात रक्तबंबाळ झाले. खिडकीत नीलस दगडासारखा.

मंगळवारी पुंजका आणखी उजवीकडे. बुधवारी तर मी डिम्फ्नालाच बोलावलं. ती हॅनीची वीस वर्षांची प्रतिस्पर्धी, जीभ म्हणजे कात्री. ती खिडकीखाली उभी राहून ओरडली, "काय रे नीलस, तुझ्या बायकोला आता किट म्हातारी वाट दाखवते! समुद्रात नेऊन सोडेल तिला!" आम्ही तिघी मिळून असं वाईट खेळलो, की रस्त्याला लाज वाटावी. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. नुसती फिरवली नाही हो. नाटक आवडलं नाही की माणूस फिरवतो, तशी.

डिम्फ्ना जाताना हळूच म्हणाली, "किट, त्याला कळतंय. रस्त्यावर त्याला कुणी फसवलंय का कधी?"

गुरुवारी अकराला टँगनीबाई आल्या. वॉकर समोर ठेवला. "उठा बरं, मिस्टर कोकली." तो उठला नाही. बाईंनी दहा मिनिटं वाट पाहिली, मग हॅनीनं विनवलं, मग मी विनवलं, आणि मी कुणाला विनवत नाही. तो गुडघ्यावरच्या त्या मेलेल्या हाताकडे बघत राहिला. शेवटी बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "माफ कर, हॅनी. सोमवारी गाडी येईल."

हॅनीनं कोपऱ्यातला गोळा उचलला आणि बाहेर पडली. मी मागे धावले.

"ठेव पुंजका," ती म्हणाली. चेहरा पीठ सांडल्यासारखा पांढरा. "नीट ठेव. आज सोंग नको. त्याच्या दारासमोर एक तरी फेक मला खरी टाकू दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून तो रस्ता पाहिला. नीलस बघायचा तशी उकिडवी बसून एक डोळा मिटला. उतार कुठे, डांबराचं ठिगळ कुठे, सगळं मनात मोजलं. जिथे शंभर टक्के बरोबर वाटलं तिथे पुंजका ठेवला, आणि पलीकडे जाऊन माझ्या संधिवाताच्या तंगड्या फाकवून उभी राहिले. "ये, बाळा."

आणि दार वाजलं.

वॉकर आधी आला, मग नीलस. टँगनीबाई मागे दोन्ही हात पसरून, पण बाई शहाणी, शिवली नाही त्याला. एक पाऊल टाकायचं, दुसरा पाय ओढायचा. मी पावलं मोजत होते. अकराव्याला वॉकरचा पाय फाटकाजवळच्या खडीत अडकला आणि तो तसाच्या तसा रस्त्यावर पडला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या मनात एकच आलं, मारलास, किट, जावई मारलास.

हॅनी धावली. त्यानं डाव्या हातानं तिला झिडकारलं. गुडघ्यातून रक्त येत होतं. कोपरावर सरकत सरकत तो पुंजक्यापर्यंत गेला, आणि तो उचलून चार बोटं डावीकडे ठेवला. फक्त चार बोटं! मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पाच महिन्यांतला पहिला शब्द बोलला. सगळा, स्पष्ट, एक अक्षर न गाळता. तो शब्द मी इथे लिहीत नाही, कारण फादरांची बहीण हे वाचणार आहे. पण तो माझ्यासाठी होता आणि माझ्या आईला आवडला असता.

"नीलस, बाजूला हो," हॅनी म्हणाली.

तो हलला नाही. पुंजक्याच्या बाजूला हातभर अंतरावर बसला आणि डाव्या हातानं 'ये' अशी खूण केली.

"तुम्हाला वेड लागलंय का!" टँगनीबाई किंचाळल्या. "अहो, त्यांचं डोकं आहे तिथे!"

हॅनीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, धावत आली आणि गोळा सोडला. मी डोळे मिटले. पुंजका उडाल्याचा आवाज आला, मग डांबरावरून घरंगळत लांब लांब जाणारा, वळणापलीकडे गेला तरी येत राहिलेला आवाज. डोळे उघडले तर नीलसच्या केसांत गवताच्या काड्या होत्या आणि तो वळणाकडे बघत होता.

त्याला उचलायला आम्ही तिघी लागलो, नर्सबाईंसकट, आणि तरी दोनदा खाली बसवावा लागला. आत आल्यावर बाईंनी जखम बांधली, कागद पुढ्यात घेतला. "स्वतःहून उठले, अकरा पावलं चालले. लिहिते. पडले. तेही लिहावं लागेल. आता पुढचा प्रश्न आहे, घरी सुरक्षित आहेत का." त्यांनी हॅनीकडे पाहिलं. "खरं सांग, मी काय लिहू?"

"नाहीत," हॅनी म्हणाली. "कधीच नव्हते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "ही खाट मी दुसऱ्या कुणाला देते. दोन आठवड्यांनी पुन्हा येईन. त्या दिवशीही चालले पाहिजेत, आणि पडता कामा नये. त्यापुढे माझ्या हातात काही नाही."

त्यातले नऊ दिवस गेले. हॅनीची पाठ तशीच आहे. शब्द तो एकच आला, दुसरा नाही. तीनदा तो रस्त्यापर्यंत आला, मला शिवी देऊन पुंजका सरकवला आणि परत गेला. बाकी सहा दिवस खुर्चीतून हललाही नाही. मुद्दाम चुकीचा ठेवून बघितला, तर मान फिरवतो. मी मनापासून ठेवावा आणि तरी चुकावा, तेव्हाच उठतो.

रोज सकाळी जपमाळ घेऊन मी एवढंच मागते, की देवा, आज मला तो रस्ता कळू देऊ नकोस. पण काय करू, नऊ दिवस रोज बघतेय, डोळा बसत चाललाय. काल ठेवलेला पुंजका त्यानं खिडकीतून कितीतरी वेळ पाहिला, पण उठला नाही. पुंजका बरोबर होता.