कुठूनबाई

पेटीतून अख्खा खडू काढायचा, मधोमध मोडायचा, मगच फळ्याकडे वळायचं. गणिताच्या बाई रोज हेच करत. अख्खा खडू किंचाळतो, असं त्यांचं म्हणणं. मग वर्गाकडे पाठ असतानाच पहिला प्रश्न येई, "हे कुठून आलं?" पोरांनी त्यांचं नाव कुठूनबाई ठेवलं होतं. घरीही तेच. नवऱ्यानं टोमॅटो आणले तरी "कुठून आणलेत?" तो म्हणे, "चोरून आणले. पायऱ्या लिहून देऊ?"

शिंप्याच्या मुलीवर त्यांचा विशेष डोळा होता. तिच्या वहीत नुसती उत्तरं असत. सगळी बरोबर, आणि आजूबाजूला कोरं पान. थोरला भाऊ इंजिनिअरिंगला. पाणी तिथंच मुरतंय, अशी बाईंची खात्री होती.

अशात मुख्याध्यापकांनी बोलावलं. हुशार मुलांसाठी सुट्टीत शिबिर होतं, बरोबरच्या शिक्षकांसाठीही वेगळा वर्ग होता. त्यातून निवडलेल्या मुलांना मोठ्या शाळेत जागा मिळणार होती. अट एकच: काम मुलाचं स्वतःचं आहे, असं त्याच्या शिक्षकानं सांगायचं.

"शिंप्याच्या मुलीला घेऊन जा," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, उद्या तोंडावर पडलो तर?"

"म्हणून तर तुम्हाला पाठवतोय. तुम्ही दुधालाही विचारता, गाय कुठली."

बसमध्ये बाईंनी मुलीला एक गणित घातलं. तिनं खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं.

"कुठून आणलंस?"

"दिसलं, बाई."

"दिसतं ते स्वप्न. गणित मांडावं लागतं." मुलगी पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. बाईंना ते बघणंही पढवलेलं वाटलं.

शिबिरात मुलं एका खोलीत, शिक्षक शेजारच्या. बाई दाराच्या काचेतून सारख्या मुलीकडे डोकावत. ती कुणाच्या कागदाकडे बघत नव्हती. तेही त्यांना संशयास्पदच वाटलं.

तेवढ्यात शिकवणाऱ्या तरुणानं शिक्षकांपुढे आकृती ठेवली. चौरस, त्याला आतून टेकलेलं वर्तुळ, वर्तुळात पुन्हा चौरस, कोपरे वर्तुळाला टेकलेले. आतला चौरस क्षेत्रफळानं बाहेरच्याच्या किती? बाईंनी 'निम्मा' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बाकीचे अजून पट्टी शोधत होते.

तरुण त्यांच्या बाकाशी थांबला. "बाई, पायऱ्या?"

"आतला चौरस मनातच जरा फिरवला. दिसलं."

त्यानं मान हलवली, आणि हळूच शेजारणीच्या कागदावर नजर टाकली. ती नजर बाईंच्या चांगलीच ओळखीची होती. आजवर ती त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत असे. त्यांनी दाराकडे वळून पाहिलं. काचेपलीकडे शिंप्याची मुलगी पेन्सिल चावत होती.

शेवटच्या दिवशी तरुणानं विचारलं, "काम तिचंच? नक्की?"

"तिचंच."

"कशावरून?"

"पायऱ्या नाहीत त्यावरून. उतरवणारी पोरं पायऱ्याही उतरवतात."

मुलीला जागा मिळाली. निघायच्या दिवशी बाई बसथांब्यावर आल्या. आशीर्वाद नाही, उपदेश नाही. पर्समधला अर्धा खडू काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला आणि तिच्या सामानाकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

पुढल्या सुट्टीत मुलगी परत आली तेव्हा बाई हयात नव्हत्या. त्यांचं शेवटचं बोलणं म्हणून तिच्यापाशी राहिलं ते एवढंच:

"ही पिशवी कुठून आणलीस गं? खालून धर, तळ फाटेल."